उपसलेल्या नदीचे पुनरुज्जीवन : वाळू धोरणाच्या परिभाषेची चिकित्सा (मांजरा व गोदावरी खोऱ्यांच्या विशेष संदर्भात)

गोषवारा

नदीपात्रातील वाळूचा उपसा हा मराठवाड्यातील पर्यावरणविषयक चर्चेचा नेहमीचा विषय असला, तरी ही चर्चा बहुधा अवैध उपसा, बुडणारा महसूल आणि त्यातून वाढणारी गुन्हेगारी या तीन मुद्द्यांभोवतीच फिरत राहते. उपसा झाल्यानंतर नदीचे काय करावयाचे, हा प्रश्न तीत क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात ‘गौण खनिज’, ‘पुनर्भरण’, ‘खोलीकरण’ आणि ‘सुशोभीकरण’ या चार रूढ संज्ञांची चिकित्सा केली आहे. या चारही संज्ञा वाळूचा विचार नदीचे अंग म्हणून करीत नाहीत. त्यामुळे नदी दुरुस्त करण्याचे प्रयत्नही एक तर आणखी खोदकामाकडे वळतात किंवा काठाच्या बांधकामाकडे, असे येथे प्रतिपादन केले आहे. नेदरलँड्समधील मास नदीच्या अनुभवाशी तुलना करून, मराठी परंपरेतील ‘वाळवंट’ ही संकल्पना पुनरुज्जीवनाच्या विचारास कशी उपयुक्त ठरू शकते, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : वाळू उपसा, गौण खनिज, नदी पुनरुज्जीवन, मांजरा नदी, गोदावरी, वाळवंट, लोकविहार.

१. प्रास्ताविक

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील युसूफ वडगाव हे गाव मांजरा नदीच्या खोऱ्यात मोडते. बालाघाटाच्या डोंगररांगेत, पाटोदा तालुक्यात उगम पावणारी आणि सुमारे ७२४ किलोमीटर लांबीची ही नदी बीड, धाराशिव, लातूर, बीदर असा प्रवास करीत पुढे तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीस मिळते. केज तालुक्यातच धनेगाव येथे या नदीवर मांजरा धरण बांधलेले असून, लातूर शहराबरोबरच अंबाजोगाई, केज, धारूर, कळंब या गावांचा पाणीपुरवठा त्यावर अवलंबून आहे. एप्रिल २०१६ मध्ये हे धरण कोरडे पडल्यामुळे लातूर शहरास मिरजेहून, सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतरावरून, रेल्वेने पाणी आणावे लागले होते. बीड जिल्ह्याची उत्तर सीमा गोदावरी नदीने आखलेली आहे. गेवराई, माजलगाव व परळी या तालुक्यांतील हा काठ ‘गंगाथडी’ म्हणून ओळखला जातो आणि तेथील वाळूस दूरवरच्या शहरांतूनही मागणी असते.

एकीकडे पाण्याचे सततचे दुर्भिक्ष आणि दुसरीकडे पाणी धरून ठेवणाऱ्या वाळूचा सततचा उपसा, अशी ही विसंगती आहे. या विसंगतीवर आजवर जे लिहिले गेले, त्याचा रोख मुख्यत्वे अवैध उपशावर आहे. तो रोख चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. ज्या वाळूगटाचा लिलाव नियमानुसार झाला, ज्यास पर्यावरण मंजुरी मिळाली आणि ज्याचे स्वामित्वधन शासनाकडे जमा झाले, त्या गटातील नदीपात्रही उपशानंतर पूर्वीसारखे राहत नाही. अवैध उपशाची चर्चा केवळ वाळू कोणी नेली एवढेच विचारते. वाळू गेल्यानंतर नदीचे काय झाले, हा प्रश्न कायदेशीर उपशासही लागू पडतो. म्हणूनच या विषयाचा विचार करताना धोरणाच्या अंमलबजावणीइतकेच त्याच्या परिभाषेकडेही लक्ष देणे आवश्यक ठरते. शासन ज्या शब्दांत नदीचा विचार करते, त्याच शब्दांच्या मर्यादेत नदीसाठीचे उपायही ठरत असतात.

२. ‘गौण खनिज’ : नावातच दडलेला निर्णय

खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, १९५७ नुसार सर्वसाधारण वाळूचा समावेश गौण खनिजांत होतो आणि कलम १५ अन्वये तिच्या नियमनाचे अधिकार राज्य शासनास मिळतात. महाराष्ट्रात जमीन महसूल संहिता, १९६६ आणि गौण खनिज उत्खनन नियम, २०१३ यांच्या आधारे हा कारभार चालतो. येथे ‘गौण’ हा शब्द खनिजाच्या औद्योगिक मूल्याच्या संदर्भात आला आहे, हे खरे. तथापि, व्यवहारात त्याचा अर्थ अधिक व्यापक झाला. जे गौण, त्याचे परिणामही गौण, असे गृहीत धरले गेले. मोठ्या खनिजांच्या बाबतीत खाण बंद करण्याचा आराखडा आधीच सादर करावा लागतो. जानेवारी २०२० मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपल्यानंतर त्या जमिनीवर पुन्हा गवत व वनस्पती वाढविण्याची अट खाणपट्ट्यांत घालण्याचे निर्देश दिले. नदीतील वाळूगटाच्या बाबतीत मात्र मुदत संपली की ताबा परत घेणे एवढ्यावरच बहुधा प्रकरण मिटते. नदी स्वतःच खड्डा भरून काढील, असा त्यामागील विश्वास असतो.

२७ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात लहान क्षेत्राच्या गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरविली. नदीतील वाळू ही वाहते पाणी आणि भूजल यांना जोडणारा दुवा असून ती भूजलसाठ्याचाच एक भाग आहे, ही बाब या निकालात नमूद झाली. या एका विधानाचा अर्थ गांभीर्याने घेतला असता, तर वाळूचे मोजमापच बदलावयास हवे होते. वाळू ‘ब्रास’मध्ये मोजली जाते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, अर्थात सुमारे २.८३ घनमीटर. मध्यम ते भरड वाळू पूर्ण भिजल्यानंतर तिच्यातून निचरा होऊन मिळू शकणारे पाणी तिच्या आकारमानाच्या साधारण २० ते २५ टक्के असते. म्हणजेच भूजलपातळीखालील एक ब्रास वाळू उचलली, की सुमारे साडेपाचशे ते सातशे लिटर पाणी सावलीत साठविण्याची जागा नदीतून कायमची जाते. जल जीवन मिशनच्या दरडोई दररोज ५५ लिटर या प्रमाणाने पाहिल्यास ही एका माणसाची दहा ते बारा दिवसांची गरज होय. शिवाय, ही साठवण एकदाच उपयोगी पडणारी नसते. नदी वाहती झाली की दरवर्षी ती नव्याने भरते.

एप्रिल २०२३ च्या वाळू धोरणात शासनाने लिलावपद्धती बाजूस सारून डेपोमार्फत ६०० रुपये प्रतिब्रास दराने वाळू देण्याचे ठरविले. सामान्य माणसास परवडणाऱ्या दरात वाळू मिळावी, हा त्यामागील हेतू स्वागतार्ह होता. एप्रिल २०२५ मध्ये हे धोरण बदलून पुन्हा ई-लिलावाची पद्धत स्वीकारण्यात आली आणि घरकुलांसाठी १० टक्के वाळू राखून ठेवण्यात आली. दोन वर्षांतील या दोन धोरणांमध्ये विक्रीची रीत, दर व लाभार्थी यांचा तपशीलवार विचार आढळतो. वाद आहे तो वाळू कोणास व कशी द्यावी याविषयी. ती नदीत किती राहू द्यावी, हा प्रश्न दोन्ही वेळा दुय्यमच राहिला. सहाशे रुपयांच्या दरात खोदाई व हाताळणीचा खर्च मोजला गेला. वाळूबरोबर गेलेल्या पाण्याच्या जागेची किंमत मात्र त्यात कोठेही आली नाही.

३. ‘पुनर्भरण’ : एका शब्दाचे दोन अर्थ

भूजलशास्त्रात ‘पुनर्भरण’ म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत मुरणे. वाळूविषयक मार्गदर्शक तत्त्वांत हाच शब्द उपसलेल्या जागी पुराबरोबर नवी वाळू येऊन बसण्याच्या क्रियेसाठी वापरला जातो. एकच शब्द दोन्हीकडे आल्यामुळे, पाणी जसे दरवर्षी येते तशी वाळूही दरवर्षी येते, असा समज दृढ होतो. मराठवाड्याच्या भूगर्भरचनेचा विचार केल्यास हा समज टिकत नाही.

या प्रदेशाचा पाया काळ्या पाषाणाचा, म्हणजेच बेसॉल्टचा आहे. ग्रॅनाइटसारख्या खडकाची झीज झाली की गारेचे (क्वार्ट्झचे) टणक कण उरतात आणि त्यांची वाळू होते. बेसॉल्टमध्ये स्वतंत्र गार जवळजवळ नसते. त्याची झीज होऊन मुख्यत्वे चिकण माती तयार होते. आपली काळी जमीन हे त्याचेच फलित होय. त्यामुळे दख्खनच्या पठारावर उगम पावणाऱ्या नद्यांना माती भरपूर, परंतु वाळू मोजकीच मिळते. खडकाचे तुकडे, गारगोटीसारखे खनिजकण आणि चुनखडीचे खडे यांपासून ती फार सावकाश साचते. मांजरा खोऱ्यात लातूर जिल्ह्यात नदीकाठच्या जुन्या थरांतून हत्तीवर्गीय व अन्य प्राण्यांचे अश्मीभूत अवशेष मिळाले आहेत. या थरांचे वय हजारो वर्षांत मोजले जाते. ठेक्याच्या मुदतीत नदीने काय करावे, याची अपेक्षा ठेवताना हा काळाचा हिशेब लक्षात घ्यावा लागतो.

दुसरे कारण मानवनिर्मित आहे. १९७६ मध्ये पैठण येथे जायकवाडी धरण पूर्ण झाले. बीड जिल्ह्यातील गोदावरीचा काठ या धरणाच्या लगेच खाली येतो. वरून येणारी भरड वाळू धरणाच्या जलाशयातच थांबते. खाली सोडल्या जाणाऱ्या पाण्यात ती नसते. पुढे आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी यांसारखे बंधारे आहेत. म्हणजे गंगाथडीची आजची बरीचशी वाळू ही धरणापूर्वीच्या काळाची ठेव होय. धनेगावखालील मांजरेची स्थितीही तत्त्वतः याहून वेगळी नाही. लहान उपनद्या व ओढे काही वाळू आणतात. परंतु मुख्य प्रवाहाकडून येणारा पुरवठा खुंटलेला आहे. ठेव मोडणे आणि व्याज खाणे यांतील फरक ज्या हिशेबात नाही, तो हिशेब कायदेशीर असला तरी खरा म्हणता येत नाही.

केंद्र शासनाच्या २०१६ व २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी जिल्हा सर्वेक्षण अहवाल आणि पुनर्भरणाचा अभ्यास यांना महत्त्व दिले, हे मान्य करावयास हवे. ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरशी संबंधित प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, असा अभ्यास नसलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल पर्यावरण मंजुरीसाठी ग्राह्य धरता येणार नाही, असा निर्वाळा दिला. हा निर्णय महत्त्वाचा आहे. तथापि, अभ्यास करावयाचा तो ‘किती उपसता येईल’ हे ठरविण्यासाठी. ‘आधीच किती तूट झाली आहे’ आणि ‘ती भरून निघेपर्यंत पात्र किती काळ बंद ठेवावे’ हे प्रश्न त्या चौकटीत आपोआप येत नाहीत. पुनरुज्जीवनाचा विचार मात्र तेथूनच सुरू व्हावयास हवा.

४. ‘खोलीकरण’ : उपायाच्या रूपातील उपसा

दुष्काळी भागात नदी दुरुस्त करणे म्हणजे ती खोल व रुंद करणे, असे समीकरण गेल्या काही वर्षांत रूढ झाले आहे. डिसेंबर २०१४ पासून राबविलेल्या जलयुक्त शिवार अभियानात नाला खोलीकरण व रुंदीकरणावर मोठा भर होता. २०१६ च्या टंचाईत लातूरकरांनी लोकवर्गणीतून मांजरा नदीच्या साई ते नागझरी या टप्प्याचे काम हाती घेतले. शासनाची वाट न पाहता समाजाने नदीसाठी एकत्र यावे, ही घटना निश्चितच कौतुकास्पद आहे. प्रश्न हेतूचा नसून पद्धतीचा आहे.

येथे गाळ आणि वाळू यांत भेद करणे अगत्याचे आहे. बंधाऱ्यामागे साचलेली चिकण माती काढली, तर साठा वाढतो आणि ती माती शेतात उपयोगी पडते. परंतु, पात्रातील वाळूचा थर काढून खडक उघडा केला, तर परिणाम उलट होतो. खड्ड्यात दिसणारे पाणी मोहक असते. पण मराठवाड्यात उघड्या पाण्याचे बाष्पीभवन वर्षाला दोन मीटरच्या आसपास जाते. वाळूत एक मीटर खोलीवर असलेले पाणी उन्हापासून जवळजवळ सुरक्षित असते. शिवाय, काळ्या पाषाणाची पाणी देण्याची क्षमता साधारण १ ते ३ टक्केच असल्यामुळे, वाळूचा थर गेल्यावर तेवढे पाणी खडकात साठवावयाचे म्हटल्यास कितीतरी पट जाडीचा खडक लागतो. नदीचा तळ खाली गेला की काठच्या विहिरींचे पाणी नदीकडे ओढले जाते, ही बाबही दुर्लक्षिली जाते. नदी खोल झाली आणि विहीर आटली, असा अनुभव आला तर त्यात विरोधाभास नाही. एकाच क्रियेच्या त्या दोन बाजू आहेत.

जलयुक्त शिवारवर ९,६३३.७५ कोटी रुपये खर्च होऊनही भूजलपातळी वाढविण्यात त्याचा परिणाम अल्प राहिला, असा निष्कर्ष २०२० मध्ये विधिमंडळासमोर आलेल्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने काढला. त्याची कारणे अनेक आहेत. त्यांतील एक कारण परिभाषेचेही आहे, असे म्हणता येईल. ज्या यंत्राने नदीची वाळू उपसली, तेच यंत्र नदी वाचविण्यासाठी पात्रात उतरले आणि दोन्ही वेळा कामाचे मोजमाप ‘किती घनमीटर काढले’ हेच राहिले. काढण्याचे मोजमाप असलेल्या व्यवस्थेत ठेवण्याचे मोजमाप निर्माण झालेच नाही.

५. ‘सुशोभीकरण’ : नदीकाठ आणि नदी

खोदकामाने विद्रूप झालेल्या नदीवरील दुसरा उपाय म्हणजे सुशोभीकरण. अहमदाबादेतील साबरमती नदीकाठाचा प्रकल्प २०१२ पासून टप्प्याटप्प्याने लोकांसाठी खुला झाला आणि तो देशभर आदर्श म्हणून दाखविला जाऊ लागला. पुण्यातील मुळा-मुठा नदीकाठ प्रकल्पाची पायाभरणी मार्च २०२२ मध्ये झाली. त्यावर पुराचा धोका, काठची वृक्षतोड आणि पात्राचे आकुंचन या मुद्द्यांवर अभ्यासक व नागरिकांनी सातत्याने आक्षेप घेतले. तालुक्याच्या गावीही आता घाट, पदपथ, दिवे व बगीचा यांची मागणी होऊ लागली आहे.

लोकांना विरंगुळ्याची जागा हवी, ही मागणी योग्यच आहे. ग्रामीण भागातील स्त्रिया, मुले व वृद्ध यांच्यासाठी सार्वजनिक मोकळी जागा किती कमी आहे, हे वेगळे सांगावयास नको. नागपूर जिल्ह्यात सावनेर येथे वेस्टर्न कोलफील्ड्सने खाणीच्या परिसरात उभारलेले इको पार्क पाहिले, तर खाणीचा भूभाग लोकविहारासाठी उपयोगात आणता येतो, हे पटते. परंतु, नदीच्या बाबतीत एक मूलभूत फरक आहे. कोरड्या जमिनीवरील खाण बंद झाल्यावर त्या जागेस नवे रूप देता येते, कारण तिचे जुने कार्य संपलेले असते. नदीचे कार्य संपत नाही. पुढील पावसाळ्यात पूर येणारच असतो. सुशोभीकरणात नदी हे काठाचे दृश्य बनते आणि काठ हा नदीचा भाग न राहता तिची चौकट बनतो. त्या चौकटीत पात्रातील खड्डे बुजतात ते दृष्टीपुरतेच. वाळू उपशाच्या खड्ड्यांत बुडून पोहणाऱ्यांचे व जनावरांचे मृत्यू होतात. तो धोका काठावरील पदपथाने दूर होत नाही.

६. मास नदीचे उदाहरण : साम्य आणि मर्यादा

खाणकाम आणि नदीचे पुनरुज्जीवन यांचा एकत्र विचार कसा होऊ शकतो, याचे अभ्यसनीय उदाहरण नेदरलँड्सच्या लिंबुर्ग प्रांतात आढळते. तेथील मास नदीच्या (फ्रेंच नाव म्यूज) खोऱ्यात विसाव्या शतकात बांधकामासाठी खडी व वाळूचे प्रचंड उत्खनन झाले. रूरमोंड शहराच्या परिसरात त्या खड्ड्यांची विस्तीर्ण तळी झाली आणि ती नौकाविहारासाठी प्रसिद्ध झाली. हा पहिला नमुना होय : आधी खोदकाम, मग जे उरले त्याचा उपयोग.

डिसेंबर १९९३ आणि जानेवारी १९९५ मध्ये या नदीस मोठे पूर आले. त्यानंतर बेल्जियमच्या सीमेलगतच्या टप्प्यासाठी वेगळी योजना आखली गेली. पात्र रुंद करावयाचे, काठची जमीन खाली उतरवावयाची, त्यातून निघणारी खडी विकून प्रकल्पाचा खर्च भागवावयाचा आणि मोकळा झालेला भूभाग निसर्गासाठी राखावयाचा, असे तिचे स्वरूप होते. २००८ च्या सुमारास प्रत्यक्ष कामास प्रारंभ झाला. त्या काठांवर आज अर्धरानटी घोडे व गुरे चरतात, बीव्हर हा प्राणी परतला आहे आणि लोक मोकळेपणी पायी हिंडतात. हा दुसरा नमुना : नदी कशी असावी हे आधी ठरवून, त्या आराखड्यास आवश्यक तेवढेच उत्खनन.

या उदाहरणाचे सरसकट अनुकरण करणे चुकीचे ठरेल. मास ही बारमाही नदी आहे. मांजरा वर्षातील बराच काळ कोरडी असते. तेथे पुराच्या पाण्यास जागा देण्याची निकड होती. येथे उन्हाळ्यात पाणी टिकविण्याची आहे. तेथील पूरमैदानात खडीचा जाड थर होता. येथील थर पातळ व तुटक आहे. म्हणून ‘वाळू विकून नदी दुरुस्त करू’ असे सूत्र मराठवाड्यात मांडले गेले, तर तो उपशास मिळालेला नवा परवानाच ठरण्याचा धोका आहे. घेण्यासारखी गोष्ट एवढीच की, तेथे उत्खननाचे प्रमाण नदीच्या आराखड्यावरून ठरले आणि उत्खननातून आलेला पैसा त्याच नदीवर खर्च झाला. आपल्याकडे वाळूचे उत्पन्न महसुलाचे उद्दिष्ट पूर्ण करते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान ही यंत्रणा आली असली, तरी उपसलेले नदीपात्र हे स्वतः एक बाधित क्षेत्र आहे, असा विचार अद्याप रुजलेला नाही.

७. ‘वाळवंट’ : विस्मरणात गेलेली संकल्पना

शालेय भूगोलात ‘वाळवंट’ म्हणजे पाणी व वनस्पती नसलेला ओसाड प्रदेश. मराठी संतसाहित्यात मात्र या शब्दास याच्या नेमका उलट अर्थ आहे. तेथे वाळवंट म्हणजे नदीचे वालुकामय पात्र. चंद्रभागेचे वाळवंट हे वारकऱ्यांच्या कीर्तनाचे, खेळाचे आणि भेटीचे ठिकाण. देवळात प्रवेशावर बंधने असलेल्या काळात वाळवंट हे सर्वांना मोकळे असलेले स्थान होते, ही बाब सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ज्या मराठवाड्यात आपेगाव, पैठण, गंगाखेड ही संतांची गावे गोदावरीच्या काठी आहेत, तेथे हा अर्थ अपरिचित असण्याचे कारण नाही.

लोकजीवनातही पात्रातील वाळूस स्थान होते. उन्हाळ्यात वाळूत झिरा खोदून पिण्याचे पाणी मिळविले जाई. पाणी ओसरल्यावर पात्रात टरबूज, खरबूज व काकडीच्या वाड्या लावल्या जात. त्यावर भूमिहीन कुटुंबांचा हंगाम निघे. यात्रा, कुस्त्या आणि मुलांचे खेळ वाळूतच होत. नदी सुरय व टिटवी यांसारखे पक्षी वाळूत अंडी घालतात आणि मऊ पाठीची कासवे वालुकामय काठ शोधतात. म्हणजे निसर्ग आणि लोकविहार हे दोन उद्देश आपल्याकडे वेगवेगळे नव्हते. वाळूच्या एकाच थरावर ते एकत्र नांदत होते. पुनरुज्जीवनासाठी परदेशी उद्यानाची प्रतिमा आयात करण्यापूर्वी या प्रतिमेचा विचार होणे उचित ठरेल.

या मांडणीत भूतकाळाचे उदात्तीकरण होऊ नये, याचीही दक्षता घ्यावयास हवी. प्रत्येक नदीकाठ सर्वांना सारखाच मोकळा नव्हता. पाणवठ्यावरील जातिभेदाचा इतिहास सर्वज्ञात आहे. त्याचप्रमाणे वाळूची गरजही खरी आहे. घरकुलाचा लाभार्थी, गवंडी, ट्रॅक्टरवर काम करणारा मजूर यांची उपजीविका तीवर अवलंबून आहे. खडक फोडून तयार केलेली कृत्रिम वाळू हा पर्याय उपयुक्त असला, तरी त्यामुळे खड्डा नदीतून डोंगरात सरकतो, एवढे भान ठेवणे आवश्यक आहे. ‘वाळवंट’ ही संकल्पना या सर्व प्रश्नांचे उत्तर नाही. परंतु, वाळू ही विकण्यापूर्वीच मूल्यवान असते, हे सांगणारा शब्द मराठीत आहे, याची आठवण ती करून देते.

८. मांजरा खोऱ्यासाठी अभिप्रेत दिशा

युसूफ वडगावसारख्या गावांच्या परिसरात पुनरुज्जीवन म्हणजे काय, याचे उत्तर मोठ्या प्रकल्पात शोधण्याची गरज नाही. प्रथम, नदीचा काही टप्पा उपसा व खोलीकरण या दोन्हींसाठी दीर्घकाळ बंद ठेवणे आवश्यक आहे. ओढे जेथे नदीस मिळतात, तेथे नवी वाळू येण्याची शक्यता अधिक असल्याने अशा संगमांना अग्रक्रम द्यावा. दुसरे, काठ ढासळू नयेत म्हणून वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ यांसारखी नदीकाठची झाडे आणि वाळ्यासारखी खोल मुळांची गवते लावावीत. तिसरे, धोकादायक खड्ड्यांचे उभे कडे उताराचे करून माणसे व जनावरे यांच्यासाठी पात्र सुरक्षित करावे. विहाराची सोय म्हणून एवढ्याने बरेच साधते. त्यासाठी काँक्रीटची भिंत लागत नाही.

चौथी बाब महाविद्यालयांशी संबंधित आहे. नदीचा तळ किती खाली गेला, याची नोंदच नसल्यामुळे प्रत्येक चर्चा आरोप-प्रत्यारोपांवर थांबते. पुलाच्या खांबावरील एखादी स्थिर खूण धरून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पात्राचा आडवा छेद मोजणे हे भूगोल विभागास आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरास सहज शक्य असलेले काम आहे. काठच्या विहिरींची पातळी त्यासोबत नोंदविली, तर पाच-दहा वर्षांत जी माहिती उभी राहील, ती जिल्हा सर्वेक्षण अहवालाची परीक्षा घेऊ शकेल. अर्थशास्त्र विभागास वाळूच्या दरात न धरलेल्या पाण्याचा हिशेब मांडता येईल. मराठी विभागास वाळवंटाशी निगडित शब्द, प्रथा व आठवणी संकलित करता येतील. ग्रामसभेपुढे ठराव मांडताना अशा नोंदींना जे वजन येते, ते केवळ भावनिक आवाहनास येत नाही.

९. निष्कर्ष

१) वाळू उपशाची चर्चा अवैधतेपुरती मर्यादित ठेवल्यास वैध उपशाने झालेली नदीची हानी दृष्टिआड राहते.

२) ‘गौण खनिज’ या वर्गवारीमुळे वाळूची पाणी साठविण्याची क्षमता हिशेबाबाहेर राहिली आणि उपशानंतरच्या दुरुस्तीची जबाबदारी निश्चित झाली नाही.

३) बेसॉल्टचा प्रदेश आणि वरच्या बाजूची धरणे यांमुळे बीड जिल्ह्यातील नद्यांत वाळूचे पुनर्भरण अतिशय मंद आहे, ते गृहीत धरून धरलेली उपशाची मर्यादा विश्वसनीय ठरत नाही.

४) खोलीकरण व सुशोभीकरण हे उपाय गाळ आणि वाळू, तसेच नदी आणि काठ यांतील भेद न करता राबविल्यास पुनरुज्जीवनाच्या विरुद्ध दिशेने जातात.

५) मास नदीच्या उदाहरणातून घ्यावयाचा धडा उत्खननाचा नसून नियोजनाच्या क्रमाचा आहे : आधी नदी, मग खनिज.

६) ‘वाळवंट’ ही संकल्पना निसर्ग व लोकविहार यांना जोडणारी असल्याने मराठवाड्यातील नद्यांच्या पुनरुज्जीवनाची उद्दिष्टे ठरविताना तिचा आधार घेता येईल. पात्रात किती वाळू उरली, हे मोजण्याचे काम ज्या वर्षी सुरू होईल, त्या वर्षी या पुनरुज्जीवनाचा प्रारंभ झाला असे मानावे लागेल.